राजमान्य राजश्री ‘राजधानीपासूनचे अंतर’ यांस खुले पत्र

राजमान्य राजश्री राजधानीपासूनचे अंतर यांसी,

 

आपला पत्ता मला ठाऊक आहे. २००४ साली आलेल्या ‘रोम: टोटल वॉर’ या संगणकावरच्या खेळात कुठल्याही शहराच्या तपशिलाचा कागद उघडला, की सुव्यवस्थेचा ताळेबंद दिसतो. जमेच्या ओळीत शिबंदी, कायदा, करमणूक, सुभेदाराचा वचक. नावेच्या ओळीत बकालपण, परकी संस्कृती आणि आपण. प्रत्येकाचे माप छोट्या चित्रांच्या रांगेत, एक चित्र म्हणजे पाच टक्के. बाकीच्यांची चित्रे मी वाढवू-घटवू शकतो. आपल्या चित्रांना मात्र माझा हात लागत नाही. एवढी प्रतिष्ठा त्या कागदावर दुसऱ्या कुणालाच नाही, म्हणून पत्र थेट आपल्याच नावे लिहितो आहे. उघडे लिहितो आहे, कारण माझ्यासारखे आपले ऋणाईत घरोघरी आहेत आणि त्यांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

प्रथम आभार मानतो ते आपल्या संयमाचे. मी रोमचे ब्रुटी घराणे घेऊन इ.स.पू. २७० मध्ये बसलो, तेव्हा माझ्याजवळ टॅरेंटम आणि क्रोटन ही दोनच शहरे होती, इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरची. त्या काळात आपण तोंडसुद्धा दाखवले नाहीत. समुद्र ओलांडून अपोलोनिया घेतले, तेव्हा दूरच्या सोयऱ्यासारखे ओसरीवर टेकलात. कॉरिंथ, अथेन्स, स्पार्टा हाती आले, तेव्हा माजघरात आलात. आशिया मायनरमध्ये निकोमीडिया घेतले, त्या दिवशी आपण देवघरात पाट मांडून बसला होतात. दारातच अडवावे अशी वेळ आपण माझ्यावर कधी येऊ दिली नाहीत, हे आपले सौजन्य.

पन्नास प्रांत आणि त्यांत रोम, एवढे मिळवले की मोठी मोहीम जिंकली, असा खेळाचा नियम. आकडा वाचून वाटते, काम तलवारीचे आहे. वीस-पंचवीस प्रांतांपर्यंत ते तसे असतेही. त्यानंतर लढाई महिन्याकाठी एखादी आणि शहरांचे कागद रोज तीस, अशी गत होते. जिंकणे आणि सांभाळणे हे दोन वेगळे धंदे आहेत, हे मला शाळेतल्या इतिहासाने शिकवले नव्हते. आपण शिकवलेत. गुरुदक्षिणा म्हणून आपण दर सहा महिन्यांना एक शहर पेटवत गेलात, तीही मी मुकाट्याने भरली.

आपले धाकटे बंधू श्री. बकालपण यांची ओळख करून दिलीत, त्याबद्दलही ऋणी आहे. मी शेती सुधारली, तर माणसे वाढली. माणसे वाढली, तर बकालपण वाढले. मग मी गटारे बांधली, स्नानगृहे बांधली, डोंगरातून पाण्याचा मार्ग आणला. रोगराई हटली, लोक सुखावले, म्हणून माणसे आणखी वाढली आणि बंधुराज पुन्हा हजर. वस्ती चोवीस हजारांवर गेली, की खेळ त्या गावाला महानगराचा मान देतो. टॅरेंटम महानगर झाले तरी मला ते पेलले, कारण राजधानी तेच होते आणि आपण तिथे नव्हता. निकोमीडियात मात्र आपण दोघे बंधू एकाच घरात राहत होता. भावाभावांत इतका एकोपा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शिबंदीच्या बाबतीत आपण मला काटकसर शिकवलीत. शहरात सैनिक किती शूर आहेत, हे त्या कागदाला कळत नाही. वस्तीच्या मानाने डोकी किती, एवढेच तो मोजतो. तेव्हा रणांगणात पहिल्याच धडकेत पळणाऱ्या शेतकऱ्यांच्या तुकड्या उभ्या करून मी शहरे भरली, कारण त्यांचा पगार कमी. हे शेतकरी त्याच शहराच्या वस्तीतून उचललेले. म्हणजे माणसांना गप्प ठेवण्यासाठी त्यांच्याच भावांच्या हाती काठी द्यायची आणि त्या काठीचा खर्च त्यांच्याच करातून काढायचा. सीमेवर शत्रू उभा असताना माझे निम्मे लष्कर स्वतःच्याच प्रजेवर पहारा देत होते. हा बंदोबस्त आपल्याच प्रेरणेने झाला, याची नोंद असावी.

सुभेदारांचे तर विचारूच नका. घराण्याच्या वंशवृक्षात माणसे मोजकी आणि शहरे दरवर्षी वाढणारी. शेवटी एका सुभेदारामागे तीन शहरे, अशी पाळी आली. दूरच्या शहरावर नेमलेला तरुण चार-दोन वर्षांत बदलतो. खजिना फुगला की हात सैल होतात. लढाई नसली की दारू लागते, जुगार लागतो. एखादा म्हातारा सुभेदार गेला, की दुसऱ्याच टर्नला, म्हणजे पुढच्या खेळीला, सुव्यवस्था दाखवणारा शहराचा चेहरा हिरव्यावरून लाल. दहा हजारांची वस्ती एका माणसाच्या श्वासावर टांगलेली होती, हे तो श्वास थांबल्यावर आपण दाखवून दिलेत. उशिरा का होईना, दाखवलेत.

आणि आपली दस्तुरी! ती मी कशी विसरेन? राजधानीपासून जितके दूर, तितकी उत्पन्नात गळती. पैसा निकोमीडियातून निघतो आणि टॅरेंटमला पोचेपर्यंत त्यातला मोठा भाग वाटेतच भ्रष्टाचारात जिरतो. मी कर वाढवला की शहर बिथरते, कमी केला की शिबंदीचा पगार निघत नाही. दोन्हीकडून आपला वाटा मात्र कायम. इतका चोख वसूल माझ्या कुठल्याच अधिकाऱ्याने केला नाही.

आता थोडे गंभीर बोलू का? आपण खेळातले एक चित्र आहात, असे म्हणून मी आपल्याला सोडून दिले असते. पण रोमचा खरा इतिहास वाचायला घेतला, तर पानापानावर आपलीच सही.

सिसिली इटलीच्या पायाशी आहे, मध्ये अरुंद सामुद्रधुनी. तिथे इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात व्हेरेस नावाचा सुभेदार होता. त्याने देवळांतल्या मूर्ती उचलल्या, शेतकऱ्यांचे धान्य नागवले, नागरिकांना छळले. वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ७० मध्ये रोमच्या न्यायासनापुढे खटला उभा केला आणि निकाल लागण्याआधीच व्हेरेस देश सोडून गेला. एवढ्या जवळचा प्रांत, आणि तरीही लोकांचे गाऱ्हाणे ऐकले जायला तीन वर्षे लागली. तेव्हा मला कळले, की आपण मैलांत मोजायची वस्तू नाही. माणसाची तक्रार निघते तिथपासून ती कुणीतरी कानावर घेतो तिथपर्यंतचा जो वेळ, तेच आपले खरे माप. सामुद्रधुनीच्या रुंदीत आपण मावत नाही, हे सांगितल्याबद्दल आभार.

निकोमीडियाचीच दुसरी गोष्ट. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी धाकटा प्लिनी बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार पाहत होता. निकोमीडियात मोठी आग लागली. घरे जळाली, दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. शहरात ना बंब, ना बादली, आणि लोक नुसते बघत उभे. प्लिनीने सम्राट ट्राजनला लिहिले, की दीडशे माणसांचे अग्निशामक पथक उभारू का? मी त्यांच्यावर नीट लक्ष ठेवीन. ट्राजनने नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की अशा मंडळ्या लवकरच राजकीय कटाचे अड्डे होतात. साधने ठेवा, घरमालकांना आग विझवायला सांगा. ट्राजन वाईट राजा नव्हता, प्लिनी लबाड अधिकारी नव्हता. तरी शेजारच्या गल्लीतली आग विझवायला दीडशे माणसे नेमायची, तर परवानगी रोमहून यायची आणि ती नाकारलीही जायची. दोन भल्या माणसांच्या मध्ये बसून आपण हे घडवलेत. दुष्टाला हाताशी न धरताही काम होते, एवढे आपले कौशल्य.

आता माझा हिशेब. हा परिच्छेद मला लिहायचा नव्हता, पण आपला उपकार अर्धा सांगणे बरे नाही.

निकोमीडियात आपली चित्रे इतकी झाली, की शिबंदी, देऊळ, खेळ, कमी कर, काहीच पुरेना. त्या वेळी खेळाडूंमध्ये एक उपाय सांगितला जाई, आणि तो ‘कार्यक्षम’ समजला जाई. शहरातली फौज बाहेर काढायची. शहर बंड करते. मग तेच शहर वेढा घालून पुन्हा घ्यायचे. घेतल्यावर खेळ तीन पर्याय पुढे ठेवतो: नुसता ताबा, गुलामी, कत्तल. तिसरा निवडला, की वस्ती एकदम उतरते, बकालपण उतरते, खजिन्यात लूट येते आणि उरलेल्यांवर शिबंदी सहज पुरते. सुव्यवस्थेचा चेहरा हिरवा होतो.

मी तो पर्याय दाबला. निकोमीडिया हिरवे झाले.

पुढची कित्येक वर्षे ते शांत होते. मग माणसे वाढली, आपण तर होतातच, आणि चेहरा पुन्हा लाल झाला. माझे बोट पुन्हा त्याच पर्यायाकडे गेले, तेव्हा मी थांबलो. आकड्यांच्या दृष्टीने तो निर्णय निर्दोष होता, आणि म्हणूनच मी हादरलो. मी राज्य चालवत नव्हतो. दर पिढीला एक शहर कापून हिशेब जुळवत होतो. दूर बसलेल्या माणसाला कत्तल हा कारभाराचा एक उपाय वाटू लागतो, आणि वाटताना हात थरथरत नाही, कारण तिथला एकही चेहरा त्याला दिसत नाही. हे ज्ञान आपण मला घरबसल्या दिलेत. याचे आभार कुठल्या शब्दांत मानू?

मी मराठी माणूस आहे. याच मालिकेतल्या २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांचे राज्य खेळायला मिळते, तेव्हा आपली-आमची जुनी ओळख आठवली. ‘अटकेपार झेंडे’ हा आमच्या तोंडी बसलेला वाक्प्रचार. १७५८ साली मराठी फौजा लाहोरहून पुढे सिंधूपर्यंत गेल्या. शाळेत मी तो धडा छाती फुगवून वाचला. पण झेंडा लावणारी फौज कर्ज घेऊन परतली, मागे ठेवलेली ठाणी तुटपुंजी होती, आणि १७५९ संपण्यापूर्वी पंजाब हातचा गेला. मग १४ जानेवारी १७६१, पानिपतचा पराभव. अटकेचा झेंडा आम्ही गाण्या-भाषणांत मिरवतो, पुणे ते अटक हा कागद मात्र कुणी उघडून बघत नाही. त्या कागदावर नावेच्या ओळीत आपण किती चित्रांनी बसला होतात, हे बघण्याची हिंमत मला आपल्यामुळेच झाली. अभिमान कमी झाला नाही. त्याला वजन आले.

तेव्हा आता विनंती, आणि ती पदर पसरून.

आपण नाहीसे व्हावे, असे मी म्हणत नाही. ते होणार नाही. दुसऱ्या मोहिमेत मी काय केले, ते मात्र आपल्या कानावर घालतो. ग्रीस आणि आशिया मायनर हाती आल्यावर मी राजधानी टॅरेंटमहून हलवली. शहराच्या कागदावरच राजधानी हलवण्याचे एक बटण असते, ते इतकी वर्षे मी दाबले नव्हते. वाडवडिलांचे गाव, म्हणून राजधानी. दुसरे कारण नव्हते. नवी राजधानी मी निकोमीडियाला नेली.

एका टर्नमध्ये पूर्वेकडचे चेहरे बदलले. लाल होते ते पिवळे, पिवळे होते ते हिरवे. उत्पन्नातली गळती घटली. शहरांत कोंडलेल्या शेतकऱ्यांच्या तुकड्या मी मोडल्या, तशी ती माणसे वस्तीत परत गेली. आपण अर्थात उपाशी राहिला नाहीत. टॅरेंटम आणि क्रोटनच्या कागदावर जाऊन बसलात. पण ती शहरे आमचीच होती, देवळे आमची, रीत आमची, परकेपणाचा भार तिथे नव्हता, तेव्हा आपला भार त्यांना पेलला. ओझे जो पेलू शकतो त्याच्या खांद्यावर द्यावे, एवढी साधी गोष्ट. ती कळायला मला एक आख्खे शहर मारावे लागले.

नंतर वाचले, की हेच बटण इतिहासात फार उशिरा दाबले गेले. सम्राट डायोक्लेशियनने इ.स. २९३ मध्ये साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला. राज्यकर्ते मिलान, ट्रियर, सिर्मियम अशा सीमेजवळच्या गावांत राहू लागले, आणि तो स्वतः राहिला निकोमीडियात. ज्या गावाला दीडशे माणसांचे पथक नाकारले होते, तेच पावणेदोनशे वर्षांनी सम्राटाचे गाव झाले. इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने जवळच बायझँटियमला नवी राजधानी उभी केली आणि पूर्वेचे राज्य तिथून हजाराहून अधिक वर्षे चालले. आग विझवायची, तर विहिरीजवळ राहावे लागते. हे रोमला कळायला जितका काळ लागला, तितका काळ आपण निर्वेध राज्य केलेत. अभिनंदन.

दुसरी गोष्ट मी केली ती थांबण्याची. नवे शहर घेण्याआधी मागच्या शहरात सुभेदार, देऊळ आणि न्यायासाठी इमारत उभी राहिली आहे का, हे पाहायचे. नसेल, तर सीमा तिथेच. खेळात वर्षाला दोन टर्न असतात. मी वीस-वीस टर्न एका सीमेवर थांबलो. सोबत खेळणारा एक मित्र म्हणाला, ‘अरे, पुढचं शहर उघडं पडलंय, घेऊन टाक ना!’ मी म्हटले, ‘घेईन रे, पण त्यांचं ऐकायला माणूस कोण पाठवू?’ तो गप्प बसला. मग वंशवृक्ष उघडून त्याने माझ्याबरोबर सुभेदार शोधायला घेतला.

आपल्या खेळाची मुदत इ.स. १४ मध्ये संपते. त्याच वर्षी सम्राट ऑगस्टस वारला. पाच वर्षांपूर्वीच जर्मनीच्या जंगलात त्याची तीन सैन्यदले कापली गेली होती. मागे ठेवलेल्या कागदांत त्याने सल्ला लिहिला होता, की साम्राज्य आहे त्या सीमेतच ठेवा. आयुष्यभर राज्य वाढवणाऱ्या माणसाचे हे शेवटचे म्हणणे. पडद्यावर ते वर्ष उजाडते, तेव्हा मी दर वेळी एक काम करतो. किती प्रांत मिळाले, हे मोजत नाही. निकोमीडियाचा कागद उघडतो, वस्ती बघतो, आणि ती सगळी जिवंत आहे ना, एवढे पाहून खेळ बंद करतो.

आपण राज्यकर्त्यांच्या दारी असेच जात राहाल. मुंबईत, दिल्लीत, कंपन्यांच्या वरच्या मजल्यांवर, जिथे जिथे एक माणूस दूरच्या पुष्कळ माणसांबद्दल ठरवतो, तिथे तिथे. तेव्हा एक मेहेरबानी करावी. माझ्याकडे आलात तसे पावलांचा आवाज न करता जाऊ नये. पहिल्या चित्राच्या वेळीच दार वाजवावे. म्हणजे कुणा दुसऱ्याला हा धडा निकोमीडियाच्या किमतीला विकत घ्यावा लागणार नाही.

बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ आहात. लोभ आहेच, तो वृद्धिंगत होऊ नये, ही विनंती.

आपला कायमचा ऋणी,
निकोमीडियाचा एक अपराधी कारभारी